ताजा आवाज

पडद्यावरच्या पायाचं दुसरं बोट वाकडं होतं. अंगठ्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्यासारखं वाकडं. गझालाचा हात माउसवर तसाच थांबला. जगात वाकड्या बोटांचा काही दुष्काळ नाही, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. सर्जिकल वॉर्डात तिने बोटं पाहिली होती ती पोत्याने. पण हे बोट ट्रकचा जॅक घसरून वाकडं झालेलं होतं, आणि त्या दिवशी परकरातल्या गझालाने स्वतःच्या हाताने त्यावर बर्फाची पिशवी धरली होती. बोट आपल्या बापाचं आहे हे कळायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पुढचं कळायला, की बापाचं बोट इथे यवतमाळात, प्रशिक्षणाच्या थंडगार खोलीत, गुलाबी टोपीवाल्या हसऱ्या नर्सच्या चित्राशेजारी काय करतंय. आणि तेही असं बोट, जे आता जगात कुठेच उरलेलं नाही. गुडघ्याखालचा तो पाय कापून वर्ष झालं होतं.

कानावरच्या हेडफोनमध्ये एक बाई बोलत होती. पुण्याकडची असावी, शब्दन् शब्द धुऊन वाळत घातलेला. ‘रुग्ण क्रमांक सात. पुरुष. व्यवसाय, मोटार मेकॅनिक. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली. चला तर मग, या जखमेचा प्रवास पाहूया!’ प्रवास म्हणे. जशी काही जखम शेगावला निघाली होती. या कार्यक्रमाचं नाव होतं ‘जखम-मित्र’. कुठल्याशा संस्थेने तो तयार केला होता, चित्रं, छोट्या फिल्मा, मध्येमध्ये प्रश्न, बरोबर उत्तराला टाळ्या. जिल्ह्यातल्या नर्सना तुकड्या-तुकड्यांनी बोलावून तो शिकवत होते, आणि सगळे धडे पुरे केल्याशिवाय प्रमाणपत्र नव्हतं, प्रमाणपत्राशिवाय ड्रेसिंग-रूमची जबाबदारी नव्हती. शिकवायला उभी होती ती अपेक्षा. गझालाच्याच वर्गातली, नर्सिंगच्या होस्टेलात तिच्याच खोलीत राहिलेली, तिच्याच ताटात जेवलेली अपेक्षा. सकाळी दारातच तिने गझालाला मिठी मारली होती. मग कानाशी लागून म्हणाली होती, “तू तिसरा धडा सोडून दे वो. लय कंटाळवाना आहे, अन तुले तं सगळं येते. त्याच्यावर टिक मी मारून घेईन.” गझाला हसली होती. मैत्रीण मोठी झाली की असे फायदे होतात, असं तिच्या मनात येऊनही गेलं. पण तिचा स्वभाव चौकस. सोडून दे म्हटलं की तिचा हात तिकडेच जायचा. चौथा झाला, पाचवा झाला, आणि तिने तिसरा उघडला.

अब्बाचं गॅरेज पांढरकवड्याला, हैदराबाद रोडवर, गावाबाहेर पडताना उजव्या हाताला. अब्दुल गनी मिस्त्री म्हटलं की नागपूरपासून आदिलाबादपर्यंतचे ट्रकवाले मान हलवायचे. त्याचं कारण त्याचे हात नव्हते, कान होते. रस्त्यात कुठेही गाडी कुरकुरली की ड्रायव्हर फोन लावायचा, “मिस्त्री, आवाज ऐका,” आणि बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरायचा. अब्बा डोळे मिटायचा. तोंडातली सुपारी थांबायची. मग म्हणायचा, “बेअरिंग गेलं. चालवू नोको, तिथंच थांब,” किंवा “काही नाही, बेल्ट ढिला आहे, ये आरामात.” कधी चुकला नाही. लहानपणी गझालाला वाटायचं, आपल्या बापाला फोनच्या तारेतून हात घालता येतो. एकदा एका ड्रायव्हरने शहाणपणा केला. रात्री आवाज मोबाइलात भरून ठेवला आणि सकाळी धाडला. अब्बा त्याच्यावर असा खेकसला की समोरच्या टपरीवाल्याने गॅस बंद केला. “कालचा आवाज मले आज ऐकवून राह्यला का बे? काल इंजिन जितं होतं, आज मेलं असंन! मिस्त्रीले ताजा आवाज पाहिजे.” आई, म्हणजे फरीदा, तेव्हा होती. ती आतून हसत म्हणाली होती, “इनको तो मछली भी इतनी ताजी नहीं चाहिए.” ती गेल्यावर अब्बा गॅरेजच्या मागच्या खोलीत एकटाच राहायला लागला, आणि गझाला नोकरीला यवतमाळला आली. मग बाप-लेकीचा सगळा कारभार फोनवरच. त्यात दोघांनाही काही गैर वाटलं नाही. ज्या घरात इंजिनं फोनवर तपासली जात, त्या घरात बाकीचं काय अवघड होतं.

म्हणून पाय भाजला तेव्हाही फोनच. साखरेने अब्बाचे पाय बधिर झाले होते. एका ट्रकखाली काम करताना पाय तापलेल्या सायलेन्सरला टेकला आणि टेकलेलाच राहिला. त्याला कळलं ते रबरी चपलेचा वास आला तेव्हा. रुपयाएवढा फोड. गझालाने लगेच अपेक्षाला फोन केला. अपेक्षा तेव्हा पांढरकवड्यालाच एका खासगी दवाखान्यात होती. “तू फिकर नोको करू,” ती म्हणाली, “चाचाची पट्टी मी रोज जाऊन करीन. माहा बाप असता तं केली नसती का?” आणि ती रोज जायची, हे खरं. अब्बा तिला बेटी म्हणायचा, गझालाला म्हणायचा तसंच. संध्याकाळी गझाला विचारायची, कशी आहे? अपेक्षा सांगायची, भरून राह्यली. गझाला म्हणायची, फोटो धाड. फोटो यायचा. गझाला तो बोटांनी मोठा करून पाहायची, कडा, रंग, ओल, सूज, सगळं शिकल्याप्रमाणे, आणि लिहायची, छान, लाल मांस येतंय. हे लिहिताना तिला अब्बाच्या मिटलेल्या डोळ्यांची आठवण व्हायची. मीही मिस्त्रीचीच पोर, असं वाटून छाती जराशी फुगायची. रमजान ईदीच्या सकाळी असाच फोटो आला, खाली ‘ईद मुबारक’. जखम लाल, स्वच्छ, कडांना गुलाबी. त्या दिवशी दुपारची ड्युटी संपवून ती घरी निघणार होती. फोटो पाहिला, नेहमीचंच ‘लाल मांस येतंय’ लिहून धाडलं आणि वॉर्डातल्या इंदूबाई सिस्टरची सासू अंथरुणाला होती म्हणून तिची पाळीही अंगावर घेतली. अब्बाला फोनवर सांगितलं, पुढच्या आठवड्यात येते. तो म्हणाला, ये, ये, काम आधी.

पडद्यावर जखमेच्या खाली एक रेघ होती आणि रेघेवर एक सरकता ठिपका. ठिपका उजवीकडे ओढला की जखम वाढायची, डावीकडे ओढला की मिटायची. पाय तोच, जागा तीच, शेजारी तीच कागदी मोजपट्टी. गझालाने ठिपका पार डावीकडे नेला. फोड. पांढरट, टम्म, निष्पाप दिसणारा. ती हळूहळू उजवीकडे सरकू लागली. फोड फुटला, खाली लाल तळ दिसला, आणि मग तो फोटो आला. ईदीच्या सकाळचा. लाल, स्वच्छ, कडांना गुलाबी. तिने तो इतक्या वेळा पाहिला होता की डोळे मिटूनही काढला असता. वर्षभर तो तिच्या फोनमध्ये होता. अधूनमधून काढून ती स्वतःची समजूत घालायची, की बघ, ईदीपर्यंत सगळं नीट होतं. ठिपका तिने आणखी उजवीकडे नेला. कडा पिवळ्या झाल्या. आणखी पुढे एका बाजूला काळं. बोटांकडे सूज, वरची कातडी ताणून चकाकणारी. आणि त्या काळ्या कडेच्या चित्रात पायावर गुडघ्यापर्यंत वळलेला पांढराशुभ्र पायजमा होता, इस्त्रीची घडी अजून न मोडलेली. मागच्या स्टुलावर स्टीलची वाटी. वाटीत शिरखुर्मा. गझालाने ठिपका मागे नेला, लाल स्वच्छ जखमेवर. तिथे पायावर चौकड्याची लुंगी होती, जुनी, तेलाच्या डागांची.

ईदीला अब्बा लुंगीत? कयामत आली तरी नाही. वर्षभर ग्रीसमध्ये लडबडलेला तो माणूस त्या एका सकाळी असा पांढरा व्हायचा की आई म्हणायची, नवरा कुठे गेला माझा. म्हणजे ईदीच्या सकाळी जो फोटो आला तो ईदीचा नव्हताच. जुना होता. पाय जेव्हा बरा दिसत होता तेव्हाचा काढून ठेवलेला. आणि गझालाने, शिकलेल्या सवरलेल्या, मिस्त्रीच्या पोरीने, दोन बोटांनी जखम मोठी करून पाहिली होती. कडा पाहिल्या, रंग पाहिला, सूज पाहिली. लुंगी पाहिली नाही. लुंगी चित्राच्या बाहेर सरकवूनच तिने जखम पाहिली होती. नर्सला जखमच पाहायला शिकवतात. तिचा हात ठिपका मागे-पुढे, मागे-पुढे ओढतच राहिला. लुंगी, पायजमा. लुंगी, पायजमा. शेजारची नलू सिस्टर आपल्या पडद्यावर पाठीवरच्या जखमा पाहत केळीचे चिप्स खात होती.

ईद होऊन आठवडा झाला नसेल, तेव्हा लखीरामचा फोन आला होता. बंजारा ड्रायव्हर, अब्बाचं जुनं गिऱ्हाईक. “बाई, मिस्त्री तापानं फनफनून राह्यला. मी गाडीत घातला, यवतमाळले आनून राह्यलो.” ट्रकच्या केबिनमधून अब्बाला खाली उतरवताना वास आला आणि गझालाला पट्टी सोडायच्या आधीच सगळं कळलं. तेव्हा ती बापावर ओरडली होती. वॉर्डातल्या चार माणसांदेखत. “अब्बा, इतकं होईस्तोवर मला सांगितलं नाही? एवढी परकी झाले मी?” अब्बाने तिच्याकडे पाहिलं. तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी नुसतं पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती नजर गझाला वर्षभर घेऊन फिरत होती. चोरी पकडल्यावर माणूस पाहतो तशी ती नजर होती, असं तिने ठरवून टाकलं होतं. बापाने लपवलं. पाय कापतील या भीतीने लपवलं, आणि मी नर्स असून मला बाहेरची धरलं. अपेक्षा रडत रडत आली होती. म्हणाली, “मी मावसबहिणीच्या लग्नाले गेलती वो, त्याच दिवसांत बिघडलं. मी असती तं हे झालंच नसतं.” गझालानेच तिचे डोळे पुसले. पाय गेला. अब्बा कुबडी घेऊन पुन्हा गॅरेजात बसायला लागला, आता दुसऱ्यांच्या हातांनी काम करून घ्यायचा. पण एक बदल झाला, आणि तो गझालाला सुईसारखा टोचत राहिला. तो तिला औषधाचं काही विचारेनासा झाला. आधी साधी शिंक आली तरी विचारायचा. आता साखरेची गोळीसुद्धा औषधाच्या दुकानदाराला विचारून घ्यायचा. ती काही सांगायला गेली की म्हणायचा, “हो, हो,” आणि विषय पाऊसपाण्यावर न्यायचा. तिला वाटायचं, राग मी धरायला हवा, हा काय म्हणून धरतो?

चहाची सुट्टी झाली. व्हरांड्यात आलुबोंडा आणि तर्री आली होती. अपेक्षा दोन प्लेटी घेऊन तिच्याकडेच आली, आणि तिचा चेहरा पाहून एक प्लेट कठड्यावर ठेवली.

“तिसरा उघडला तुनं,” ती म्हणाली.

“ईदीच्या सकाळी मले जो फोटो धाडला होता, तो कवाचा होता?”

“कोनता फोटो?”

“लुंगीचा.”

अपेक्षाने बोंड्याचा तुकडा तर्रीत बुडवला आणि तो तसाच तिच्या बोटांत भिजत राहिला. खाली अंगणात कुणीतरी स्कूटीला लाथा घालत होतं, ती सुरू होत नव्हती.

“चाचानं शपथ घातली होती मले,” ती शेवटी म्हणाली. “चाचीची शपथ. म्हने, गझालाले सांगू नोको, तिची नौकरी नवीन आहे, काम सोडून धावत येईन. मी काय करू मंग?”

“तवा तं तू म्हने, लग्नाले गेलती.”

“शपथ होती न वो. कशी सांगू?”

“अन हे मोजपट्टी लावून फोटो काढाची बी शपथ होती?”

“त्या संस्थेवाल्याईले एकाच पायाचे सगळे टप्पे पाहिजे होते, सुरुवातीपासून. असा पेशंट भेटत नाही गझाला. निम्मे मधातच पळून जाते. चाचा रोज एकाच जागी बसलेला.” तिचा आवाज चिरकला. “मले वाटलं भरंन. खरंच वाटलं. आज नाही तं उद्या भरंन, मंग कायले उगाच सांगा? अन तोंड दिसते का त्याच्यात कोनाचं? नाव बी टाकू देलं नाही मी.”

नाव टाकू दिलं नाही, हे तिने उपकार सांगावे तसं सांगितलं. आणि गंमत अशी, की गझालाचा अर्धा जीव तिच्यावर विश्वास ठेवायला निघालाच होता. अब्बा शपथ घालू शकतो. अब्बा तसाच आहे. म्हणजे फसवणारी ही एकटी नव्हे, दोघं मिळून फसवत होती. माझ्याच बापाने माझ्याच मैत्रिणीला साक्षीला घेतलं. या संस्थेत नोकरी लागली तेव्हा अपेक्षा गॅरेजात पेढे घेऊन गेली होती आणि अब्बाने एका पायावर उभं राहून तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, हेही तिला आठवलं. तिला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. कठड्यावरच्या प्लेटीतली तर्री थिजून तिच्यावर लाल साय धरली. गझाला आत गेली.

धड्यातली फिल्म उरली होती. ‘पट्टी बदलण्याची योग्य पद्धत.’ तिने हेडफोन लावला. पुन्हा तो पांढरा पायजमा, तो शिरखुर्मा, आणि हातमोजे घातलेले दोन हात. डाव्या हाताच्या मोज्यातून बांगडीचा उंचवटा दिसत होता. होस्टेलात त्याच बांगडीच्या आवाजाने गझालाला पहाटे जाग यायची. पुण्याची बाई सांगत होती, ‘प्रथम जखम सलाइनने हलक्या हाताने धुवावी.’ ती वाक्य संपवायची आणि पुढचं सुरू करायच्या आधी जरा थांबायची. त्या थांबण्यात, मागे, खूप हळू, गॅरेज होतं. हातोड्याचा आवाज. रस्त्यावरून गेलेला ट्रक. मूळचा आवाज त्यांनी पुसला नव्हता, नुसता दाबला होता. वातावरणासाठी ठेवला असेल, किंवा त्या भाषेतलं कुणाला काही ऐकूच आलं नसेल. गझालाने आवाज शेवटपर्यंत वाढवला. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला आणि नकळत डोळे मिटले.

‘...वास येऊन राह्यला बेटी,’ अब्बा म्हणत होता. ‘मले काही बराबर वाटत नाही. यवतमाळले जाऊ का दवाखान्यात?’

‘मृत त्वचा ओळखण्यास शिका,’ पुण्याची बाई म्हणाली.

‘...फोटो धाडला का गझालाले?’

‘धाडला न चाचा. सकाळीच धाडला.’

‘काय म्हने थे पोरगी?’

‘म्हने, लाल मांस येऊन राह्यलं. भरून राह्यली म्हने.’

‘यानंतर निर्जंतुक कापड ठेवावे.’

‘...बस मंग,’ अब्बा म्हणाला, आणि त्या आवाजात जो सुटकेचा श्वास होता तो गझालाने आयुष्यात एवढ्या जवळून कधी ऐकला नव्हता. ‘वो बोली तो बात खतम. नर्स है मेरी. कायले जाऊ मंग? घे, तू शिरखुर्मा घे.’

तिने ते पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. शपथ नव्हती. कुठलीच शपथ नव्हती. बाप निघाला होता. चप्पल शोधत होता म्हणा ना. आणि थांबला तो तिच्या शब्दावर. तिने खरंच तसं म्हटलं होतं. एका जुन्या, लुंगीतल्या पायाकडे पाहून म्हटलं होतं, आणि तो शब्द उचलून दुसऱ्याच, सडत चाललेल्या पायावर ठेवला गेला होता. मग त्या नजरेचा अर्थ बदलला. वॉर्डात, चार माणसांदेखत, ती ओरडली होती, मला सांगितलं नाही? आणि तो माणूस तापात पडल्या पडल्या विचार करत असेल, तुलाच तर विचारलं होतं, पोरी. तूच तर म्हणालीस. बोलला मात्र नाही. वर्षभर नाही. पोरीची चूक झाली, पाय गेला, गेला तर गेला, पोरीला सांगून काय करायचं. एवढंच केलं, की पुन्हा तिला काही विचारलं नाही. कान चुकलेल्या मिस्त्रीला माणूस पुन्हा विचारत नाही, तसं. गझालाला रडू आलं नाही. राग आला. फसवलं हा शब्द तिला अपुरा वाटला. एकीने एका हाताने बापाचा पाय नेला आणि दुसऱ्या हाताने लेकीवरचा विश्वास, आणि मग डोळे पुसून घ्यायला लेकीच्याच खांद्यावर आली.

फिल्म संपली आणि पडद्यावर प्रश्न आला. ‘रुग्ण क्रमांक सातला रुग्णालयात उशिरा नेण्याचे मुख्य कारण कोणते?’ खाली चार चौकोन. रुग्णाचे अज्ञान. परिचारिकेने वेळेवर न कळवणे. नातेवाइकांचे दुर्लक्ष. वाहनाची सोय नसणे. गझालाने दुसरा चौकोन दाबला. लाल फुली आली, आणि गुलाबी टोपीवाली हिरमुसली. ‘अरेरे! पुन्हा प्रयत्न करा.’ तिने पुन्हा दुसराच दाबला. अरेरे! पुन्हा. अरेरे! हॉलमधल्या बाकीच्या जणींचं आटोपत आलं होतं. कुणी पदर सारखा करत होतं, कुणी बसची वेळ विचारत होतं. अरेरे! नलूने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “तिसरं आहे वो ते, नातेवाईक. माहं बी आधी चुकलतं.” गझालाने पुन्हा दुसरा चौकोन दाबला.

तेवढ्यात मागून एक हात आला. बांगडीचा हात. त्याने गझालाच्या हाताखालून माउस अलगद काढून घेतला, जसा होस्टेलात तिच्या झोपलेल्या हातातून पेन काढून घ्यायचा, आणि तिसऱ्या चौकोनावर नेऊन दाबला. टाळ्या वाजल्या. गुलाबी टोपीवालीने गिरकी घेतली. ‘शाब्बास! अगदी बरोबर!’

“झालं,” अपेक्षा हळूच म्हणाली. “आता प्रमाणपत्र निघंन तुहं.”

तिने मदतच केली होती. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की तिला खरोखर वाटत होतं आपण मदत केली. गझालाने माउस परत घेतला आणि फिल्म मागे नेली, पांढऱ्या पायजम्यापर्यंत. मग पर्समधून फोन काढून अब्बाला लावला.

“हां बेटी,” अब्बा म्हणाला. मागे हातोडा वाजत होता. “इस टाइम?”

“अब्बा, एक आवाज ऐका.”

“कायचा? गाडीचा?”

“ऐका तं.”

तिने हेडफोन कानांवरून काढला आणि फोन त्याच्या वाटीत, आत, अगदी जवळ धरला. ड्रायव्हर लोक धरायचे तसा. फिल्म सुरू केली. अपेक्षा शेजारी उभी होती. तिला आधी काही कळलं नाही, मग कळलं, आणि तिने खुर्चीची पाठ धरली. हॉलमधून बायका एकेक करून निघून चालल्या होत्या. फिल्म शेवटपर्यंत चालू देऊन गझालाने फोन कानाला लावला. पलीकडे हातोडा बंद झाला होता. त्याने तो बंद करायला लावला असणार; अवघड आवाज ऐकताना तो नेहमी गॅरेज थांबवायचा. 

“थ्या दिवशी,” अब्बा म्हणाला, “तिनं तुले जो फोटो धाडला, तो कवाचा होता?”

गझालाने ओठ चावला. वर्षभरात त्या पायाबद्दल त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. “आधीचा, अब्बा. लुंगीतला. ईदीचा नव्हताच.”

“म्हंजे ताजा नव्हता.”

“नव्हता.”

“म्हंजे तुनं बराबरच सांगतलं होतं.”  पलीकडे कुबडी कशाला तरी लागून पडल्याचा आवाज झाला, आणि तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज म्हातारा झाला होता. “मी तुले... मी समजलो होतो... जाऊ दे. तू बराबर होती. माही पोरगी बराबर होती.”

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की राग निवेल. थोडा निवलाही. पण तेवढ्यात तो म्हणाला, “तिथंच आहे का ते, अपेक्षा? फोन दे तिले.”

गझालाने फोन पुढे केला. अपेक्षाने दोन्ही हात पाठीमागे नेले, लहान मूल छडी पाहून नेतं तसे, आणि मान हलवली. नाही, नाही. गझालाने हात मागे घेतला नाही. फोन दोघींच्या मध्ये तसाच राहिला, आणि त्यातून अब्दुल गनी मिस्त्री हाका मारू लागला. “हॅलो? बेटी? बोल न, बेटी.” तो कोणाला हाक मारतोय हे दोघींनाही कळत होतं. एवढं ऐकूनही त्याने तो शब्द अपेक्षाकडून काढून घेतला नव्हता. सवयीने म्हणा, किंवा काय म्हणायचं ते म्हणा. गझालाला तोही एक घाव वाटला, आणि या घावाचा धडा त्या मशीनमध्ये नव्हता. अपेक्षाचे डोळे भरून आले होते. या खेपेला गझालाने तिचे डोळे पुसले नाहीत. तिने फोनचा आवाज मोठा केला, फोन टेबलावर दोघींच्या मध्ये ठेवला आणि खुर्चीत बसून राहिली.